पथक परदेशी निघालं: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लोकनृत्य पथकातली मुलं साधारण बारा ते सतरा वयाची. लेझीम, कोळीनृत्य, धनगरी गजा असा कार्यक्रम घेऊन ती बाहेरदेशी जातात, बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये. युरोपात तेव्हा शाळांना सुट्ट्या असतात आणि गावोगावी लोककला महोत्सव भरतात. वेल्समधला लँगोलेनचा महोत्सव तर १९४७ पासून चालू आहे. व्हिसाचे प्रश्न पालक एकदाच विचारतात, फोनचे रोज विचारतात. म्हणून पालकांच्या वतीने हे पान लिहून ठेवलं आहे. आमचं मत आधीच सांगते: फोन कधी, किती वेळ आणि कोणी करायचा हे मुलांच्या तालमीचं वेळापत्रक ठरवणार. आपल्या जिवाची घालमेल आपल्यापाशी.

रोज फोन करायचा का?

रोज एक संदेश आणि एक दिवसाआड फोन, एवढं पुरतं. महोत्सवातला मुलांचा दिवस कसा जातो ते बघा. न्याहारी, तालीम, मग गावातून मिरवणूक (पूर्ण पोशाखात, कधी कधी तास-दीड तास), जेवण, थोडी विश्रांती, मेकअप, रात्री कार्यक्रम. शिवाय घामेजलेले कपडे वाळत घालायचे, केस सोडवायचे, नथ-बुगडी मोजून डबीत ठेवायची. फोन करायला जो वेळ उरतो तो झोपेतून कापलेला असतो.

तुमचं मूल स्वतःहून रोज बोलायचं म्हणत असेल तर खुशाल बोला. फक्त "उद्या बरोबर याच वेळी" असं वचन देऊही नका आणि घेऊही नका. तिकडे बस अर्धा तास उशिरा निघते आणि इकडे आपण फोन हातात घेऊन येरझारा घालत बसतो.

नेमकी कोणती वेळ धरायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

फ्रान्स, जर्मनी, पोलंड, इटली इथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं. ब्रिटनचं साडेचार तास मागे. बहुतेक पालक रात्री जेवणं आटोपल्यावर, साडेनऊ-दहाला फोन लावतात. तेव्हा फ्रान्समध्ये संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजलेले असतात. मुलींचे खोपे घालणं चालू असतं, ढोलकीवाला ढोलकी चढवत असतो आणि पथकासोबत गेलेल्या ताई सगळ्यांच्या नावाने ओरडत असतात. फोनसाठी याहून वाईट वेळ नाही. कार्यक्रम संपून मुलं खोलीवर येतात रात्री साडेअकराला, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे तीन.

युरोपसाठी आमच्या अनुभवात एकच वेळ टिकते: तिकडची न्याहारी. तिकडे साडेसात ते आठ, म्हणजे नाशिकमध्ये अकरा ते साडेअकरा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीत असलेल्या बाबांना ही वेळ जमत नाही, हे खरं आहे. त्यांनी आवाजी संदेश पाठवून ठेवावा, मूल दुपारच्या विश्रांतीत ऐकतं. सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष बोलावं.

पथक अमेरिकेला गेलं तर न्यूयॉर्ककडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळची पाच-साडेपाच. सिंगापूर अडीच तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे. तिकडची मुलं लवकर झोपतात असं समजूनच फोन लावा.

आणखी एक. दिवाळीच्या कार्यक्रमांना परदेशातली महाराष्ट्र मंडळं बोलावतात, तेव्हा हे गणित मधेच बदलतं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे फरक एका तासाने वाढतो. मोबाइलमधल्या घड्याळात त्या शहराचं नाव टाकून ठेवा, बोटांवर मोजत बसू नका. आजी-आजोबांसाठी आम्ही भिंतीवर दुसरं घड्याळ लावायला सांगतो. त्यांना ते फार आवडतं, दर तासाला "आता तिकडे किती वाजले" असं घरभर सांगत फिरतात.

नाशिकचंच सिम रोमिंगवर ठेवायचं की तिकडचं घ्यायचं?

छोट्या दौऱ्याला आपल्या कंपनीचं रोमिंग पॅक सोपं पडतं. निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा, विमानतळावर रांगेत उभं राहून नको. मुक्काम लांबला तर तिकडचं सिम किंवा ई-सिम स्वस्त पडतं. ई-सिम असेल तर आपलं सिम काढावं लागत नाही. ते फोनमध्येच राहू द्या, मात्र त्यावरचा डेटा बंद ठेवा. नाहीतर बिल बघून घेरी येईल.

दुसरं सिम घातलं तरी व्हॉट्सअॅप जुन्या नाशिकच्या नंबरवरच चालू राहतं. मधेच ते विचारतं, नंबर बदलायचा का? मुलाला सांगून ठेवा, "नाही" दाबायचं. घाईत "हो" दाबलं की त्याचा नंबर सगळ्यांकडे बदलतो आणि मामा-काकांना वाटतं, हा कोण नवा माणूस.

महोत्सवात मुलांना बहुधा शाळांच्या वसतिगृहात उतरवतात. तिथे वायफाय असतं, पण सगळी पथकं एकदम जोडली गेली की व्हिडिओ अडकतो. चेहरा गोठला म्हणून घाबरू नका, साधा आवाजी कॉल करा. दुबईला जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या की तिथे व्हॉट्सअॅपचे संदेश जातात, पण कॉल साधारणपणे लागत नाहीत. चीनमध्ये तर व्हॉट्सअॅपच बंद आहे.

ग्रुपवर काय टाकायचं आणि काय नाही?

दोन ग्रुप असतात. पहिल्यावर फक्त ताई आणि पथकप्रमुख लिहितात: पोहोचलो, जेवण झालं, कार्यक्रम झाला, उद्याचं वेळापत्रक. त्यावर बाकी कोणाला लिहिता येत नाही आणि ते मुद्दाम केलेलं आहे. दुसरा पालकांचा गप्पांचा. सुप्रभात, गणपतीचे फोटो, "माझ्या पिल्लूचा फोटो कोणाकडे आहे का", सगळं तिथे.

ताईंना वैयक्तिक फोन फक्त अडीअडचणीला. "तिने आंघोळ केली का" ही अडचण नव्हे.

कार्यक्रमाच्या दिवशी शुभेच्छांचा फोन करू ना?

करू नका. संदेश करा, तोही सकाळी.

कारण सांगते. रंगमंचावर जाण्याआधीच्या दोन तासांत मुलं एका तंद्रीत असतात. कोणी पायात घुंगरू बांधून नुसतंच ठेका मोजत बसतं, कोणी गप्प होतं, कोणी उगाच हसत सुटतं. त्या वेळी आईचा आवाज कानावर पडला की मूल घरी जातं, मनाने. मग त्याला तिथून परत ओढून आणायचं काम ताईंना करावं लागतं. कालिदास कलामंदिरात कार्यक्रम असतो तेव्हा आपण विंगेत घुसत नाही, तोच नियम इथे फोनला.

दुसरं कारण नऊवारी. घरी आई नेसवते, तिकडे आई नसते. मेकअपच्या खोलीतून व्हिडिओ कॉल येतो, "आई, काष्टा नीट बसत नाहीये, बघ ना." हातात फोन धरून, एका हाताने निऱ्या सावरत, आई नाशिकमधून सांगणार आणि मुलगी तिकडे खोचणार, असं कधी होत नाही. जायच्या महिनाभर आधीपासून मुलीला स्वतःची स्वतः नेसायला लावा. पंधरा मिनिटांत, आरशाशिवाय. मग लेझीम घेऊन घरातच उड्या मारायला सांगा. सुटली तर इथे सुटू दे. ही तयारी म्हणजे संपर्काचाच भाग आहे, कारण रडवेले फोन निम्मे अशाच गोष्टींचे असतात.

कार्यक्रम झाल्यावर मुलाला बोलावंसं वाटलं तर तेच करेल. तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील तरी उचला.

फोनवर मुलगी रडली. आम्ही काय करायचं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे होतंच. पहिले दोन दिवस नवलाईत जातात. मग ब्रेड-बटाट्याचा कंटाळा येतो, पाय दुखतात आणि घर आठवतं. धीट मुलंही रडतात. घरी अबोल असलेली कधी कधी अजिबात रडत नाहीत, ते वेगळंच.

रडू द्या. मधे बोलू नका. "अगं त्यात काय रडायचं" म्हणू नका, "मग ये परत" तर मुळीच म्हणू नका, कारण ते शक्य नाही हे तिलाही माहीत असतं. आपलाही आवाज कापू लागला तर फोन बाबांकडे द्या. शांत झाली की पुढच्या एखाद्या ठोस गोष्टीवर आणा. आज कुठे तालीम आहे, खोलीत शेजारी कोण झोपतं, पोलंडच्या मुलींचे बूट कसे आहेत. आणि "तू नाहीस म्हणून आजी जेवत नाही" हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने गिळून टाकायचं. प्रेमाने म्हटलेलं असलं तरी लेकरावर ओझं होतं.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत ती मैत्रिणींबरोबर खिदळत असते. जागरण होतं ते आपलं. ताईंना एक ओळ लिहा, "आज थोडी हळवी झाली होती, लक्ष ठेवा", आणि झोपा.

मात्र नुसतं रडणं आणि तक्रार यांत फरक करायला शिका. काही ठिकाणी मुलांना यजमान कुटुंबांकडे उतरवतात. "मला या घरी राहायचं नाही", "तो माणूस मला आवडत नाही", "मला त्या खोलीत एकटीला भीती वाटते" असं काही कानावर आलं तर समजूत घालत बसू नका. मुलीला म्हणा, बरं केलंस सांगितलंस. आणि त्याच क्षणी ताईंना फोन करा, तिकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी. खोली बदलणं हे ताईंचं काम आहे आणि त्यात कोणी तुम्हाला संशयी म्हणणार नाही.

त्यासाठी घरात एक ठरलेलं वाक्य ठेवा, समोर कोणी ऐकत असताना मूल सहज म्हणू शकेल असं. "माझी निळी वही सापडली का?" असं काहीही चालेल. ते ऐकू आलं की फक्त हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारायचे.

मुलगा नीट बोलतच नाही. "हो", "बरं", "जेवलो", संपलं.

चौदा-पंधराच्या मुलांचं घरीही असंच असतं, परदेशात गेल्यावर ती गप्पिष्ट कशी होतील? "कसं चाललंय" विचारलं की "मस्त" हेच उत्तर येणार. बारीक विचारा. आज ढोलकी थंडीने उतरली का? मिरवणुकीत तुमच्या पुढे कोणतं पथक होतं? लोकांनी टाळ्या कुठे वाजवल्या? किंवा काही विचारू नका, तुमचं सांगा. गल्लीतल्या मांजरीला पिल्लं झाली, पावसाने गंगापूर रोडला पाणी तुंबलं. बोलायला काही न मिळणारी मुलं ऐकायला मात्र तयार असतात.

इकडची वाईट बातमी मुलाला सांगायची का?

बातमी कोणती, यावर आहे. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी चढते आणि रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीचे फोटो फिरू लागतात: कमरेपर्यंत पाणी, छातीपर्यंत पाणी. आपल्याला सवय आहे, आपण मारुतीकडे बघून पूर मोजतो. तिकडे बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला मात्र नाशिक बुडालं असंच वाटतं, विशेषतः घर पंचवटीत असेल तर. अशा वेळी तिच्याआधी तुम्हीच संदेश टाका: पूर आला आहे, आपल्या घराला काही नाही, हा बघ आपल्या गॅलरीतला फोटो.

बारीकसारीक आजारपण सांगू नये. आजोबांचा मोतीबिंदू पंधरा दिवस थांबू शकतो, किंवा झाल्यावर सांगता येतो.

घरात कोणी गेलं तर लपवू नका, असं आमचं मत आहे. काही पालकांना ते पटत नाही, पण परत आल्यावर कळलेलं मुलं विसरत नाहीत. आधी ताईंना कळवा. त्या जवळ बसलेल्या असताना, सकाळच्या वेळी, आईने किंवा बाबांनी स्वतः सांगावं. रात्री झोपण्यापूर्वी नको. आणि तोपर्यंत नातेवाइकांना हात जोडून सांगा की "भावपूर्ण श्रद्धांजली"चं स्टेटस ठेवू नका. चुलतभावाच्या स्टेटसवरून आजी गेल्याचं कळणं यासारखी क्रूर गोष्ट नाही. त्या रात्री नाचायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या. काही नाचतात, आणि त्यांना त्याचा आधार वाटतो.

बराच वेळ झाला, शेवटचा संदेश पाहिलेलाही नाही. काय करू?

आधी ते कुठे असतील याचा विचार करा. निघायच्या दिवशी बस समृद्धीवर इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरली की फोन जातोच. विमानतळावर तीन तास आधीपासून रांगा, मग उड्डाण, आखाती देशात विमान बदलायचं असेल तर मधले काही तास. मुंबईपासून मुक्कामाला पोहोचेपर्यंत सहज अख्खा दिवस जातो. या काळात फ्लाइट क्रमांक टाकून विमान कुठे आहे ते बघा. मुलाला फोन लावून काही उपयोग नाही.

मुक्कामी असताना संपर्क तुटला तर क्रम असा: मुलाच्या खोलीतल्या मित्राला संदेश, मग पथकप्रमुखांना, मग महोत्सवाच्या कार्यालयाला. हे सगळे नंबर कागदावर लिहून फ्रीजवर लावा, नुसते फोनमध्ये ठेवू नका. कागदाची दुसरी प्रत मुलाच्या पासपोर्टच्या पाकिटात. तिकडे चालणारी पॉवर बँक हातातल्या बॅगेत द्यायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही. ब्रिटनच्या बोर्डाला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, तो इथूनच घेऊन द्या. "फोन लागत नाही"चं कारण बहुतेक वेळा मेलेली बॅटरी असतं.

आजारी पडलं, पासपोर्ट हरवला, असं काही झालं तर?

युरोपभर ११२ हा आणीबाणीचा नंबर चालतो, ब्रिटनमध्ये ९९९ सुद्धा. मुलांना तो पाठ असावा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो. त्याची प्रत ताईंकडे असते, एक तुमच्याकडेही ठेवा. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या. पासपोर्ट हरवला तर जवळचा भारतीय दूतावास परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, म्हणून पासपोर्ट-व्हिसाचे फोटो घरच्या फोनमध्ये हवेतच.

"तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय" असा फोन आला.

ठेवून द्या. मूल परदेशात आहे हे कळलेलं असतं म्हणूनच असे फोन येतात, आणि आता तर रडण्याचा आवाजही हुबेहूब बनवता येतो. पैसे मागणारा पोलीस खरा नसतो. फोन ठेवून पथकप्रमुखांना विचारा. मूलच बोलतंय असं वाटलं तर निळ्या वहीचं विचारा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि दौऱ्याच्या तारखा, विमानतळावरचे सहकुटुंब फोटो फेसबुकवर मिरवायची घाई करू नका, घर रिकामं आहे हेही त्यातूनच कळतं.

खाऊ किती द्यायचा?

चिवडा, चकली, मेतकूट. पेढे, बर्फी, खवा नको: युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर फेकावे लागतात.

एका मुलाची आई सोबत जातेय. मग तिच्याकडूनच रोज खबर घेऊ का?

ती बिचारी सगळ्यांची मेकअपवाली, धोबीण आणि नर्स होऊन जाते. तिला तुमचा बातमीदार करू नका.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवायचं का?

दोन दिवस थांबा. पूर्वेकडे येताना शरीराचं घड्याळ जुळायला जास्त त्रास होतो. मूल रात्री दोनपर्यंत टक्क जागं आणि सकाळी उठवता उठत नाही. शाळेला पत्र आधीच दिलेलं असेल तर चाचणी परीक्षेचं बघून घेता येतं. घुंगरू आणि पितळी दागिने बॅगेतून त्याच दिवशी काढून पुसा, घामाने हिरवे पडतात. रोमिंग पॅक आपोआप पुढे चालू राहणारं असेल तर तेही बंद करा.